सापांच्या घरात खार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. आई शेवटचे दिवस अंथरुणावर होती, मी तिचे पाय चेपत बसायचे — तेव्हाही तोंडाशी आलं आणि गिळलं. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हटलं की आधी त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं, आणि मग माझे शब्द फिरतात. फार लवकर फिरतात. तो माझा जुना गुण आहे.

गोष्ट एका खारीची आहे. हसलात तरी चालेल. मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, आणि कुरतडणाऱ्या प्राण्यांचा धडा आला की पोरंही हसतात — उंदीर, घूस, खार, साळिंदर. मी फळ्यावर लिहिते, पोरं उतरवून घेतात. मला काहीही होत नाही. हेही सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी इतकी वर्षं आतून जळत होते. तसं काही नव्हतं.

आमचे अण्णा शाळेत शिपाई होते. त्यांना साप धरण्याचा नाद. कुणाच्या घरात, कडब्याच्या गंजीत, उसात साप निघाला की अण्णांना बोलावणं यायचं. धरलेला साप ते मारत नसत. रानात सोडायला सवड मिळेपर्यंत घरी ठेवत. मोठं मडकं, तोंडाला मच्छरदाणीचं जुनं कापड, त्यावर सुतळीचे वेढे. ती मडकी मागच्या न्हाणीघरात असायची. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून अंघोळ केली आहे. मला सापाची भीती कधी वाटली नाही. बऱ्याच गोष्टींची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

आणि मग तो भूकंप झाला. लातूरला आमचं घर उभं राहिलं, भिंतीला एक चीर गेली एवढंच. पण तिकडे, औशाच्याही पलीकडे, गावंच्या गावं बसली. तिथल्या एका गावात आमची शेवंताक्का दिली होती. अक्का माझी चुलत बहीण — थोरल्या काकांची लेक. काका-काकू आधीच गेलेले, तेव्हा तिला अण्णांनीच वाढवलं आणि अण्णांनीच तिचं लग्न लावून दिलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्या पहाटे ती परसाकडे गेली होती, म्हणून वाचली. नवरा, सासू, सासरे माळवदाखाली, त्या जड मातीच्या छताखाली गेले. एक दीर पुण्याला कामाला होता, तो राहिला.

अक्का आमच्याकडे आली ती एकच गोष्ट सांगत आली. त्या रात्री माळवदात उंदीर पळत होते. कधी पळाले नाहीत असे. तिने नवऱ्याला हलवलं, म्हणाली, काहीतरी हाय बघा. तो म्हणाला, गप पड. आणि ती गप पडली. "मी वरडले आस्ते तर?" — एवढंच ती म्हणायची. भाकरी थापताना म्हणायची, केस विंचरताना म्हणायची. मी वरडले आस्ते तर? आई म्हणायची, देवाची करणी. अण्णा उठून मागे मडक्यांकडे जायचे.

महिनाभर सगळी गल्लीच बाहेर झोपत होती. मग थंडी पडली, लोक एकेक करून आत गेले. अक्का जाईना. दिवसा उंबऱ्यावर बसायची आणि अंधार पडला की अंगणात. आईने हाताला धरून आत आणलं, माझ्या खोलीत अंथरूण घातलं. माझी खोली म्हणजे घरातली दुसरी खोली. एकूण दोनच होत्या. आणि मी बारावीला होते.

लातुरात बारावीला असणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. तेव्हा क्लासच्या इमारती आताइतक्या नव्हत्या, पण हवा तीच होती. शेजारच्या घराच्या गच्चीवर पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या. कंधारची, अहमदपूरची, किनवटची पोरं तिथे कोंबलेली, कोंबडं आरवायच्या आत पाठांतर सुरू. अण्णांची एकच इच्छा — पमी डॉक्टर झाली पाहिजे. शाळेतल्या प्रत्येक मास्तरला त्यांनी ते सांगून ठेवलं होतं. आणि माझ्या शेजारी अक्का. पुस्तक उघडलं की जमिनीवर तळहात टेकवून ती विचारायची, "पमे, हललं का गं?" नाही अक्का. दोन ओळी वाचाव्यात, की पुन्हा — "आत्ता? आत्ता हललं का?"

मी चिडायचे का? हो. पण चिडल्यासारखं दाखवता येत नव्हतं ना. तिचं सगळं गेलेलं, आणि माझं काय, तर पाठांतर. कुणाला सांगणार?

उपाय अण्णांनी शोधला. अक्काचा विश्वास माणसांवर उरला नव्हता, जनावरांवर होता. उंदराला आधी कळतं — हे तिच्या डोक्यात पक्कं. अण्णा म्हणाले, मग तिला एखादा पाळीव जीवच आणून देऊ. तो शांत बसलेला दिसला की हिलाही आत बसवेल. माझ्या विष्णुपुरीच्या मामाची नोकरी नांदेडच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत. तिथे पांढरे उंदीर होते. दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे निघाले तेव्हा अण्णांनी एसटीच्या खिडकीपाशी उभं राहून मला दोनदा बजावलं.

"पांढरा उंदीरच आण. पिंजऱ्यात जल्मलेला. त्याला सापाचं काई ठाऊक नसतं, निवांत ऱ्हाईल. खार न्हाई आणायची, मामीनं दिली तरी. खारीला नुसता साप दिसला तरी ती घर डोक्यावर घेती."

मामीनं दिली तरी, असं म्हणाले, कारण मामीकडे एक खार होती. घरट्यातून पडलेलं पिल्लू, तिने कापसाच्या वातीने दूध पाजून वाढवलेलं. खांद्यावर बसायची, पदरात झोपायची.

आता इथून जरा सावकाश सांगते.

मामाच्या घरी मी पहिल्यांदा झोपले. म्हणजे झोपत होतेच, पण तशी झोपले नव्हते. दिवसभर अभ्यास केला. कुणी काही विचारलं नाही. जमीन हलली का, कुणाला पडलेलंच नव्हतं. सुट्टी संपत आली तशी मी उरलेले दिवस मोजायला लागले. निघायच्या आदल्या दिवशी मामाने उंदीर आणला, दुधाच्या पावडरीच्या डब्यात, झाकणाला भोकं पाडून. मी तो तळहातावर घेतला. इतका शांत होता तो. बोटाचं मीठ चाटत बसला. मामाने मुद्दाम भांडं आपटलं, तरी त्याने नुसते कान हलवले. अक्कासाठी जे हवं होतं, ते नेमकं माझ्या हातात होतं.

मी तो डबा मामाला परत दिला. म्हटलं, अण्णांचा विचार बदलला, त्यांनी खारच मागितली आहे.

मामी चकित झाली. "सापवाल्याच्या घरात खार? येडी का काय गं तू?"

"अण्णांनीच सांगितलंय," मी म्हटलं. तिने डोळे पुसत खार दिली. आणि लातूरला उतरल्यावर अण्णांना मी सांगितलं की पांढरे उंदीर संपले होते, मामाचा नाइलाज झाला. तेव्हा काही घरोघर फोन नव्हते. मामाची नि अण्णांची गाठ पडायची ती लग्नाकार्यात, आणि तिथे उंदराची चौकशी कोण करतो?

सगळं आधीपासून ठरवून केलं का? तसं म्हणणं सोपं आहे. ठरवलं नव्हतं म्हणणंही सोपं आहे. मला एवढंच कळत होतं की एक जीव नेला तर अक्का माझ्या खोलीत सुखाने राहील. आणि दुसरा नेला तर कदाचित राहणार नाही. कळून-सवरून मी दुसरा नेला.

पण झालं उलटंच. अण्णा थोडं कुरकुरले, मग मडकी न्हाणीघराच्याही मागे, लाकडांच्या आडोशाला ठेवू लागले. थंडीत साप तसेही कमी निघतात. खारीला काही पत्ता लागला नाही. अक्काने तिचं नाव चिंगी ठेवलं. शेंगा सोलून द्यायची. चिंगी दोन्ही हातांत दाणा धरून खायची आणि अक्का बघत राहायची. चिंगी आत झोपली म्हणून अक्का आत झोपली. जमिनीला हात लावणं कमी झालं. संक्रांतीला तिने तीळ कुटले, आईशी उखाण्यांवरून थट्टा केली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही. मी बघत होते की ती आता इथेच राहणार. बोलायला लागली होती ती, आणि बोलणारी अक्का गप्प अक्कापेक्षा अभ्यासाला जास्त आड येत होती. परीक्षा तोंडावर आली होती.

संक्रांतीनंतर ऊन चढलं आणि अण्णांनी एक धामण आणली. बिनविषारी, पण चांगली लांब, आणि रागीट.

दुपारची वेळ होती. आई नि अक्का ओट्यावर वाळवण बघत होत्या. मी मडकं उचललं, खोलीत आणलं आणि कॉटखाली ट्रंकेच्या मागे सरकवलं. मग पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत बसले. थोड्या वेळाने अक्का आत आली, चिंगी तिच्या खांद्यावरून उतरली, नेहमीसारखी कॉटखाली गेली. कापडाआड धामण हलली असेल, किंवा फुसकारली असेल. चिंगीने शेपूट उभं केलं आणि ओरडायला लागली — चिक् चिक् चिक् चिक्, थांबेचना. तो आवाज तुम्ही ऐकला असेल, झाडाखाली मांजर आलं की खारी करतात तो. घरात, चार भिंतींत, तो केवढा मोठा वाटतो.

अक्का गप पडली नाही या वेळी. ती ओरडली. चिंगीला पदरात घेतलं, आईला ओढलं, मला ओढलं, गल्लीतून धावत गेली, दारं बडवली — भायेर या, भायेर या, लेकरं घ्या! लोक आले की हो. सगळे आले. भूकंप होऊन फार दिवस झाले नव्हते. बाया तान्ही पोरं घेऊन, गच्चीवरची क्लासची पोरं चपला हातात घेऊन. सगळे उभे राहिले. काही झालं नाही.

मी म्हटलं, माझं पुस्तक आत राहिलं. आत गेले, मडकं जागेवर ठेवलं, पुस्तक घेऊन बाहेर आले. आमच्या समोर खाजाभाई राहायचे, शिंपीकाम करायचे. त्यांच्या चार पिढ्या त्या गल्लीत गेल्या होत्या. ते कौतुकाने म्हणाले, घर पडायला झालं तरी पोरगी पुस्तक सोडत न्हाई. अण्णांना ते ऐकून बरं वाटलं.

त्या संध्याकाळी अक्काने मला एकटीला गाठलं. "पमे, तुला जाणवलं न्हाई का? खरं सांग."

आणि मी म्हटलं — हो अक्का. जरासं हललं.

का म्हटलं? दया आली म्हणून? नाही. तिने चिंगीवर विश्वास ठेवायला हवा होता, म्हणून. तो विश्वास मोडला असता तर पुढच्या वेळी ती ओरडली नसती.

पुढची वेळ आली. मी आणली. या खेपेला लोक थोडे कमी बाहेर आले. शेजारचा घरमालक म्हणाला, साप साप म्हणून भुई धोपटायचा धंदा बंद करा, माझ्या पोरांचा अभ्यास बुडतो. अभ्यास बुडतो, म्हणाला. खाजाभाई अक्काजवळ गेले, हळू आवाजात म्हणाले, "बेटी, जमीन न्हाई हलून राहिली. तुझं काळीज हलून राहिलं." अक्काने मान हलवली. चिंगी खोटं बोलत न्हाई, म्हणाली.

त्या दिवशी मला मडकं परत ठेवायला उशीर झाला. अण्णांनी ते कॉटखाली पाहिलं. हितं कुणी आणलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मागे मांजर फिरत होतं, धामणीला त्रास देईल म्हणून आत घेतलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मडकं उचललं आणि त्याच पावली सायकलवर बांधून रानात सोडायला गेले. त्यांना कळलं का? बरीच वर्षं मी यावर विचार केला. आता करत नाही.

त्यानंतर काही दिवस बरे गेले. मग पुन्हा एकदा कुणाच्या तरी गोठ्यात साप निघाला, अण्णांना शाळेची घाई होती, त्यांनी मडकं लाकडांमागे ठेवलं आणि ते गेले. मी थांबू शकले असते. परीक्षा अगदी जवळ होती — हे कारण नाही, नुसतं सांगते.

या वेळी कुणीच बाहेर आलं नाही. आई आली, तीही दारापर्यंत. अक्का गल्लीच्या मधोमध उभी होती, पदर सुटलेला, चिंगी छातीशी. भर उन्हात. ती एकेका दाराकडे बघून ओरडत होती, घसा बसला होता. गच्चीवरची पोरं टाळ्या वाजवायला लागली — आला, भूकंप आला! शेजारचा घरमालक आईला म्हणाला, वहिनी, हिला याड लागलंय, कुठं तरी दाखवा.

अक्काने आमच्या घराकडे पाहिलं. मी खिडकीत होते.

"पमे, तू तरी सांग की गं ह्यांना! तुला कळलं होतं ना? सांग की!"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. आईसुद्धा. मी पुस्तकाकडे पाहिलं. कुठलं पान होतं, ते मला आजही आठवतं, पण ते सांगून काय करू? मी मान वर केली नाही. अक्का काही वेळ वाट बघत उभी राहिली. मग ओरडायची थांबली.

पुढचं सगळं घरच्यांनी ठरवलं, आणि चांगल्याच मनाने ठरवलं. दिराला कळवलं. त्यांच्या गावाबाहेर पत्र्याच्या शेड पडल्या होत्या, त्यातली एक अक्काच्या वाट्याला होती. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, तिथेच तिला बरं वाटेल, असं आई म्हणाली. दीर तिला पोचवून पुन्हा पुण्याला जाणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. निघताना अक्काने चिंगीला दारातल्या कडुलिंबावर सोडलं. खोडावर ठेवून तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, "तू खरंच सांगतीस गं बाई. हितं कुणी ऐकत न्हाई."

मला खोली मिळाली. चिंगी त्या लिंबावरच राहिली. कावळा आला, मांजर आलं की ओरडायची, आणि मी खिडकीत बसून वाचायचे. मेडिकलला नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला. अण्णांनी त्यानंतर घरी कधी साप आणला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, आता वय झालं.

नंतर लातूर बदललं. क्लासच्या इमारती उठल्या, चौकाचौकात पोरांचे फोटो लागले, मीही त्यातल्याच एका इमारतीत शिकवायला लागले. अक्काला सरकारने नवं घर दिलं, मजबूत, खांबांचं. त्या घरात ती ज्वारीची पोती ठेवते. स्वतः एक दिवसही आत झोपलेली नाही. उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात दारापुढच्या पत्र्याखाली. गावात तिला काय म्हणतात, ते मी सांगत नाही. दुसरं लग्न जमवायचा प्रयत्न झाला होता. घराबाहेर झोपणारी बाई कोण करून घेणार?

मी वर्षा-दोन वर्षांनी जाते. ती शेंगा बांधून देते, मी घेते.

मागच्या वैशाखात गेले होते. दुपारी जेवणं झाली. अक्काचे केस पार पिकले आहेत. मला म्हणाली, "सगळ्या दुनियानं मला येडी केलं. तू एकटी म्हणली होतीस, हललं म्हणून. गल्लीत बोलली न्हाईस, ल्हान होतीस, भ्याली आसशील. पर मला म्हणली होतीस. ते मी इसरले न्हाई, पमे."

तेव्हा सांगता आलं असतं. ती समोर बसली होती, दोघीच होतो, वेळ भरपूर होता.

तिने आत माझ्यासाठी कॉट टाकली, पंखा लावला, नवी चादर घातली. स्वतः बाहेर जाऊन उंबऱ्यापाशी बसली, भर उन्हात, पाठ माझ्याकडे करून. तळहात जमिनीवर.

"तू पड निवांत," ती म्हणाली. "मी हाय हितं. हललं तर उठवते तुला."

मी पडले. आणि मला झोप लागली, चांगली गाढ.